गाडीचे ॲव्हरेज वाढून पुन्हा पडते, तेव्हा काय तपासावे

तक्रार नेहमीची आहे. पेट्रोलचा खर्च अंगावर येऊ लागला की चालक काही दिवस जपून गाडी चालवतो, लिटरमागे एक-दोन किलोमीटर वाढलेले दिसतात, आणि महिना-दीड महिन्यात आकडा पुन्हा जागच्या जागी येऊन बसतो. त्यानंतर गाडी गॅरेजमध्ये जाते आणि प्लग व फिल्टर बदलून परत येते, किंवा चालक कोणीतरी सांगितलेले धाडसी उपाय करू लागतो: पन्हाळ्याच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची, महामार्गावर ट्रकच्या मागे चिकटून जायचे, चाकांत ठरलेल्यापेक्षा जास्त हवा भरायची. या उपायांनी जिवाला असलेला धोका सर्वांना साधारण ठाऊक असतो. त्यांतून होणारी बचत मात्र आजच्या गाड्यांत किती क्षुल्लक असते, हे फारसे कोणी मोजून पाहिलेले नसते. म्हणून आधी आकडा का पडतो ते पाहू, मग कोणती सवय बदलावी आणि कोणती बदलू नये याकडे वळू.

पहिली शंका आकड्यावरच घ्यावी. टाकी फुल करताना पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथेच थांबावे आणि पुढच्या वेळीही शक्यतो त्याच पंपावर तसेच थांबावे. ‘आकडा राउंड करा’ असे म्हणून वर आणखी दोन लिटर बसवले, तर ४८० किलोमीटरला ३० लिटर लागल्याचे १६ चे ॲव्हरेज ३२ लिटरच्या हिशेबाने १५ दिसते, आणि गाडीत काहीही बिघडलेले नसताना एक किलोमीटर हरवतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. सलग तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करावा. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठेवून, ठरावीक चक्रानुसार काढलेला असतो. त्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नाही, तुलना आपल्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी.

त्याच महिन्याशी असे म्हणण्याला कारण आहे. कोल्हापूरच्या पावसात ओला रस्ता चाकांना जास्त अडवतो, काच धुरकट होऊ नये म्हणून एसी चालू ठेवावा लागतो आणि खड्ड्यांमुळे गाडी सारखी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहते. ऊस हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, तालुक्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे रेंगाळण्याचा वेळ वाढतो. जूनमध्ये लावलेली चांगली सवय जुलैत निष्फळ वाटते ती यामुळे, आणि निराश होऊन ती सोडून देण्याचेही बहुधा हेच कारण असते.

पेट्रोलमधील इथेनॉलचा वाटाही लक्षात घ्यावा. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात २० टक्के मिश्रणामुळे अपेक्षित घट दिलेली आहे: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. जुनी गाडी १६ वरून १५ वर आली असेल, तर तो एक किलोमीटर चालकाच्या उजव्या पायात शोधून सापडणार नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी याबद्दल तक्रार किती करावी, हा प्रश्न वेगळा.

तिसरे कारण सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. चाकांतली हवा महिन्याला थोडी थोडी उतरतच असते, आणि हवामान थंड झाले की दाब आणखी कमी होतो. ‘जपून चालवायला लागलो आणि ॲव्हरेज वाढले’ असे ज्यांना वाटते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच सुमारास हवाही भरून घेतलेली असते. महिन्याभराने हवा उतरते आणि दोष सवयीवर येतो. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासावी, कारण चालून गरम झालेल्या टायरमधला दाब तीन-चार पौंडांनी जास्त दिसतो. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते. ‘सगळ्यांना पस्तीसच भरतो’ हा पंक्चरवाल्याचा सरसकट नियम आपल्या गाडीला लागू असेलच असे नाही. ३३ पौंडांच्या जागी ४२ भरल्यास गाडी हलकी पळते हे खरे, पण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो, टायर मधोमध झिजतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर गाडी जास्त अंतर घेते. ज्या जिल्ह्यात पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो, तिथे हा सौदा परवडणारा नाही.

आणखी एक कारण आपल्याच अंगाशी आहे, आणि ते म्हणजे जवळच्या फेऱ्या. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये जास्त इंधन पिते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला दीड किलोमीटर कार काढणाऱ्याने ॲव्हरेजबद्दल कोणाकडे दाद मागावी, हे मला खरोखरच सुचत नाही.

शहरातली बचत

शहरात इंधन जाळण्याचे मुख्य साधन ब्रेक हे आहे, असे म्हटले तर विचित्र वाटेल, पण हिशेब तसाच आहे. गाडीला वेग देण्यासाठी जाळलेले पेट्रोल ब्रेक दाबल्यावर चाकांपाशी उष्णता होऊन निघून जाते. कावळा नाक्यावरून दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर करत दसरा चौकाकडे जाताना पुढचा सिग्नल लाल दिसत असूनही दोन सिग्नलच्या मध्ये गाडी पळवायची आणि रांगेच्या शेपटीला येऊन करकचून थांबवायची, ही सवय मोडली तरी पुरे. लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून सावकाश येऊ द्यावी. पुष्कळदा आपण पोहोचेपर्यंत रांग हललेली असते, आणि दुसऱ्या गिअरमधून पुढे जाणाऱ्या गाडीला शून्यातून उचलाव्या लागणाऱ्या गाडीपेक्षा बरेच कमी इंधन लागते.

या सवयीत सुरक्षितता आणि बचत एकाच बाजूला असतात, कारण दोन्हींना पुढचे शंभर-दोनशे मीटर वाचावे लागतात. त्रास होतो तो मागच्याचा आणि शेजारच्याचा. मागचा हॉर्न वाजवतो, आणि पुढे ठेवलेल्या अंतरात दोन दुचाक्या व एक रिक्षा येऊन बसते. त्या चढाओढीत उतरून अंतर बुजवू नये. पाय पुन्हा थोडा सैल करावा, एवढेच. मात्र ॲव्हरेज टिकवण्यासाठी पिवळ्या दिव्यावर निसटणे, गतिरोधकावर ब्रेक न लावणे किंवा पादचारी दिसत असताना ‘वेग मोडायला नको’ म्हणून त्याला थांबवणे, हे प्रकार याच सवयीच्या नावाखाली घडतात. ज्या दिवशी चालक ब्रेक टाळण्यासाठी गाडी चालवू लागतो, त्या दिवशी त्याने ॲव्हरेजचा आकडा पाहणे बंद करावे.

सिग्नलवर इंजिन बंद करणे फायद्याचे असते. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर पुन्हा सुरू करायला लागणाऱ्या इंधनापेक्षा उभ्याने जळणारे इंधन जास्त होते. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबा असेल तरच चावी फिरवावी, नाहीतर स्टार्टर आणि बॅटरी विनाकारण झिजते. चढावर उभे असताना, रांगेत सर्वांत पुढे असताना, किंवा बॅटरी जुनी झालेली असताना ही बचत सोडून द्यावी, कारण हिरव्या दिव्यावर सुरू न होणारी गाडी मागच्या साऱ्या रांगेचे इंधन जाळते.

गिअर लवकर वाढवावा, पेट्रोल गाडीत इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, हा सल्ला योग्यच आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. चाळीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकून इंजिन घरघरत ठेवणारे चालक इंधन वाचवत नाहीत. गाडी ओढत नाही म्हणून ते ॲक्सिलरेटर अधिक दाबतात, आणि समोरून वाहन आले तर झटकन पुढे निघण्याची ताकद गाडीत उरलेली नसते.

घाट: न्यूट्रलची जुनी शिकवण

कोल्हापूरकराच्या चारही दिशांपैकी एका दिशेला घाट ठरलेलाच आहे. कोकणात उतरायचे म्हणजे गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीकडून फोंडा, मलकापूरकडून आंबा, आजऱ्याकडून आंबोली. आणि घरच्याघरी म्हणाल तर पन्हाळा आणि जोतिबा. उतार लागला की गाडी न्यूट्रल करावी, जमल्यास बंदच करावी, ही शिकवण इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती मूर्खपणातून आलेली नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी गिअरमध्ये वेगाने फिरणारे इंजिन आपल्या ओढीने थोडे पेट्रोल खेचतच राहायचे, त्यामुळे न्यूट्रलमध्ये खरोखर चार पैसे वाचायचे.

इंधन फवारणीच्या, म्हणजे इंजेक्शनच्या, गाड्यांत हे गणित उलटले. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की संगणक इंजेक्टर बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत असतात आणि पेट्रोल एक थेंबही जळत नाही. इंजिनाच्या फेऱ्या खाली येऊन आयडलिंगच्या जवळ पोहोचल्या की फवारणी पुन्हा सुरू होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते, आणि त्यासाठी लहान पेट्रोल कार तासाला साधारण पाऊण लिटर खाते. कार इंजेक्शनच्या होऊन वीस वर्षे उलटली. दुचाकींत हा बदल मुख्यतः १ एप्रिल २०२० पासून, प्रदूषणाची बीएस-६ मानके लागू झाल्यावर आला. शिकवण मात्र कार्बोरेटरच्या काळातच राहिली.

यावर विश्वास बसत नसेल तर स्वतः पाहता येईल. ज्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचे ॲव्हरेज दाखवणारी पट्टी किंवा आकडा असतो, ती घेऊन पन्हाळ्यावरून वाघबीळकडे उतरावे आणि आकड्यावर नजर शेजारी बसलेल्याने ठेवावी. तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडल्यावर पट्टी टोकाला जाऊन चिकटते, कारण जळणारे इंधन शून्य असते. त्याच उतारावरून कोणी न्यूट्रलमध्ये चाळीसच्या वेगाने जात असेल, तर त्याचा आकडा लिटरमागे पन्नास-पंचावन्नच्या घरात दिसतो. तो आकडा भलताच मोठा वाटतो आणि म्हणूनच फसवतो.

आता इंजिन बंद करून सोडण्याचा हिशेब करू. घाटाचा उतार वीस मिनिटांचा धरला, तर न्यूट्रलमध्ये पाव लिटर पेट्रोल जळते, म्हणजे आजच्या दराने साधारण पंचवीस रुपये. इंजिन बंद केल्यास ते वाचतात. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये उतरल्यासही त्यांतले जवळजवळ सगळेच वाचतात. मग बंद करण्याची किंमत काय, ते पाहावे. ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या बूस्टरला लागणारी निर्वात जागा इंजिनामुळे टिकते; इंजिन बंद असताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, आणि चावी चुकून पूर्ण मागे फिरवून काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. करूळच्या वळणावर समोरून एसटी वर येत असताना घट्ट झालेले पेडल दोन्ही पायांनी दाबावे लागणे, ही पंचवीस रुपयांत विकत घेण्याची गोष्ट नव्हे.

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असले तरी गाडी रोखण्याचे सारे काम ब्रेकवर पडते. सुमारे १२०० किलो वजनाची गाडी पन्हाळ्याचे चारशेएक मीटर उतरते तेव्हा जवळपास ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गिअर असेल तर त्यातला बराच वाटा इंजिन घेते. नसेल तर सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. करपट वास येऊ लागला, पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले किंवा स्पंजासारखे लागू लागले, तर ब्रेक तापले आहेत असे समजावे, खालच्या गिअरने वेग उतरवावा आणि सुरक्षित जागा बघून बाजूला थांबावे. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून घाटाने नेहमी जाणाऱ्यांनी दोन वर्षांनी ते बदलून घेणे हा खर्च मानू नये.

उतारासाठी गिअर निवडायचा तो असा की ब्रेक जेमतेम लावूनही वेग आटोक्यात राहील. जो गिअर चढताना लागला असता, तो बहुधा उतरतानाही चालतो. ऑटोमॅटिक गाडीत ‘एन’ (न्यूट्रल) वर न टाकता ‘एल’ (खालचा गिअर), किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय असेल तर दुसरा-तिसरा निवडावा. स्कूटरवाल्यांचे थोडे वेगळे आहे: वेग फार कमी झाला की स्कूटरचा क्लच सुटतो आणि इंजिनाची अडवणूक संपते, त्यामुळे जोतिबाच्या उतारावर दोन्ही ब्रेक मिळून, थोडे थोडे आणि वेळेवर लावावे लागतात. इंजिन बंद करून सोडल्यास अनेक दुचाकींचा हेडलाइटही विझतो, हे रात्री उतरणाऱ्यांनी विसरू नये. आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा नियम इंधनाच्या दृष्टीनेही शहाणा आहे, कारण चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलण्यात जितके पेट्रोल जाते, तितके उतरणाऱ्याला थांबण्यात जात नाही.

महामार्ग

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. कोल्हापूर ते कऱ्हाड या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरमध्ये त्या जादा वीसमुळे वाचतात ती दहा-अकरा मिनिटे, तीही किणीच्या टोल नाक्यावर रांग नसेल तर. पेट्रोल वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पण ४५ ते ५५ च्या वेगात सर्वांत कमी इंधन लागते, हे वाचून पुणे-बेंगळुरू महामार्गावर पन्नासने जाणारी कार स्वतःला आणि इतरांना धोक्यात घालते. मागून नव्वदने येणाऱ्या बसच्या चालकाला इतक्या फरकाची अपेक्षा नसते. माझ्या मते सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान, मधल्या किंवा डाव्या मार्गिकेत राहणे हा मध्यम मार्ग आहे. डावी मार्गिकाही निर्धोक असते असे नाही: उलट दिशेने येणारी दुचाकी, कडेला पंक्चर काढत उभा असलेला ट्रक, सहापदरीकरणाच्या कामामुळे अचानक वळवलेला रस्ता, हे सगळे तिथेच भेटते. रात्री तर डाव्या बाजूला आणखी सावध असावे.

संध्याकाळी दिवेलागणीला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कसा दिसतो, ते एकदा लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लागलेली असतात, पण ती मागे ऐकू येत नाहीत. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला असतो, आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या वाड्यांमुळे, म्हणजे उसाच्या शेंड्यांमुळे, ट्रॉलीची खरी रुंदी अंधारात कळत नाही. क्रूझ कंट्रोल लावून, ‘वेग एकसारखा ठेवला की ॲव्हरेज मिळते’ या हिशेबाने निवांत बसलेल्या चालकाला ही ट्रॉली हेडलाइटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसत नाही. हंगामात अंधार पडल्यानंतर क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे आणि वेग दिव्यांच्या टप्प्यात बसेल इतकाच असावा, मग ॲव्हरेज काहीही येवो.

ट्रकच्या आडोशाने जाण्याबद्दल थोडक्यात. हवेचा अडथळा नीट कमी व्हायचा तर अगदी जवळ जावे लागते. ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. ट्रकपासून दहा मीटरवर असाल, तर ते अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत संपते, आणि डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचायलाच सुमारे एक सेकंद लागतो. तीन सेकंदांचे अंतर, म्हणजे या वेगाला साधारण ६५ मीटर, ठेवावे; पावसात त्याहून जास्त.

एसीचा वाद उगाच लांबतो. शहरात मंद वेगाला काचा उघड्या ठेवणे स्वस्त, महामार्गावर काचा बंद करून एसी लावणे बरे. गगनबावड्याच्या धुक्यात आणि पावसात मात्र इंधनासाठी एसी बंद करू नये. काच आतून धुरकटली की रस्ताच दिसत नाही.

जपून चालवूनही डिझेल गाडीचे ॲव्हरेज घसरत असेल तर

बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडीने मधूनमधून काही वेळ सलग बऱ्यापैकी वेगाने धावावे लागते, म्हणजे आत जमलेली काजळी जळून जाते. शाहूपुरी ते रंकाळा आणि परत, एवढ्यावरच मंद गतीने, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर चालवलेल्या गाडीत हे जळणे अर्धवट राहते, गाडी पुन्हा पुन्हा जादा डिझेल फवारून प्रयत्न करते, आणि ॲव्हरेज घसरते. इथे जितके जपावे तितके आकडे वाईट येतात. फिल्टरचा दिवा लागल्यास गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बहुधा पंधरा-वीस मिनिटे साठच्या वर, कागलच्या दिशेने महामार्गावर एक फेरी मारून यावी. तरीही दिवा जात नसेल तर सेवा केंद्र गाठावे. ज्यांचे सारे फिरणे गावातलेच आहे, त्यांनी पुढची गाडी घेताना डिझेलचा विचार पुन्हा करावा.

एवढे सगळे तपासूनही आकडा एकदम दोन-अडीच किलोमीटरने खाली गेला असेल, तर दोष यंत्रात शोधावा. पावसाळ्यानंतर ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा भाग, अडकून एक चाक सतत घासत राहणे हे नेहमीचे कारण असते: फारसा ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर चालवून थांबावे आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, रिमला लगेच स्पर्श करू नये, एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेले असेल तर मेकॅनिकला नेमके तेच चाक दाखवावे. क्लच सरकत असेल, तर चढावर ॲक्सिलरेटर दिल्यावर फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही. आणि घरात गाडी दोघे-तिघे चालवत असतील, तर टाकी भरल्याच्या पावतीवर त्या टाकीत गाडी मुख्यतः कोणाकडे होती तेही लिहून ठेवावे. मेकॅनिकचे बरेच प्रश्न त्यातूनच सुटतात.